गोड न खाण्याचं वर्ष

अप्पांच्या शर्टाचा खिसा हेच आमच्या घरातलं चॉकलेटचं दुकान होतं. एग्मोरच्या ऑफिसातून सुटले की ते स्टेशनसमोरच्या दुकानात एक चॉकलेट घेत, खिशात ठेवत आणि बसमध्ये उभे राहून टी. नगरला येत. चेन्नईचं ऊन, बसची गर्दी आणि त्यांच्या छातीची ऊब यांत ते घरी पोचेपर्यंत पातळ झालेलं असे. आई ते न उघडता तसंच फ्रिजमध्ये टाकायची. जेवणं झाल्यावर ते बाहेर निघे तेव्हा त्याला कागदाच्या सुरकुत्यांचा आकार आलेला असे. चॉकलेट हा पदार्थ मुळात वेडावाकडाच असतो, जाहिरातीतले ते सरळ रेघांचे चौकोन चित्रकारानं सुधारून काढलेले असतात, असं मला बरीच मोठी होईपर्यंत वाटत होतं. कधी कागद फाटे आणि खिशाला तपकिरी डाग पडे. मग आई शर्ट गार पाण्यात बुडवून ठेवताना पुटपुटत राही, आणि अप्पा पुस्तक तोंडासमोर धरून ऐकू येत नसल्यासारखं करत.

ते गेले ते वर्ष मी आजवर कधी लिहून काढलं नव्हतं. आता आईही गेली. तिच्या मागेही मी वर्षभर गोड सोडलं आहे. या वेळी मला ते कुणी सांगितलं नाही, विचारणारंही कुणी उरलेलं नाही. संध्याकाळी कॉफी बिनसाखरेची पिताना मला ते पहिलं वर्ष आठवतं, आणि त्या वर्षातला तो एक दिवस तर अगदी स्पष्ट आठवतो.

आमचं घर तंजावरच्या मराठी लोकांचं. घरात जी मराठी बोलली जाई ती पुस्तकात कुठं नव्हती. तिच्यात निम्मे शब्द तमिळ असत आणि उरलेले कुणाच्या तरी पणजोबांचे. मी पुस्तकी मराठी शिकले ती अप्पांबरोबर वाचून. म्हणून इथली बोलणी थोडी सरळ करून लिहिते आहे. ती आमच्या सुरात ऐकायची तर प्रत्येक वाक्याचं शेपूट जरा लांबवावं लागेल.

घर म्हणजे साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरचे दोन खण. सकाळी ओल्या पिठाचं ग्राइंडर सुरू होई. त्याचे दगड गरगरत असताना घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून आईला ते आवडायचं असं मला पुढं कळलं. अप्पा गेल्यावर ती ग्राइंडर जरुरीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवायला लागली. पीठ केव्हाच गुळगुळीत झालेलं असे, आणि ती भिंतीला टेकून त्या फिरणाऱ्या दगडांकडे बघत उभी असे.

अप्पांची मोठी बहीण, माझी अत्या, तेराव्यानंतर आपल्या घरी परत गेली नाही. तिला मूलबाळ नव्हतं, यजमान कधीच गेले होते, आणि रीतीभाती तिला जितक्या पाठ होत्या तितक्या गुरुजींनाही नव्हत्या. तिनं ठरवलं की घरातल्या प्रत्येकानं वर्षभर एक आवडती गोष्ट सोडायची. स्वतः तिनं कॉफी सोडली. आठवडाभरात तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की कॉफी परत आली आणि तिच्या जागी कारलं सोडण्यात आलं. कारलं ती जन्मात खात नव्हती. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आई किती दिवसांनी हसली, आणि हसल्यावर लगेच तोंडावर पदर घेऊन आत गेली. मी गोड सोडलं. दर महिन्याला मासिक श्राद्ध होई, मोठा चुलतभाऊ येऊन पिंड ठेवी, पानात वडे, पायसम आणि अप्पांना आवडणारी डांगर पचडी असे, म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेलं. मी पायसमवरून हात फिरवून पुढं जाई आणि पचडी खाई. पचडी खाताना मला रडू येईल असं प्रत्येक महिन्यात वाटे. येत नसे. अप्पा गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते, आणि लोक ते बघत होते.

त्याच तेराव्या दिवशी अत्यानं दुसरीही गोष्ट सांगून टाकली होती. बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की जणू बसचं वेळापत्रक सांगत होती. मी तेव्हा एम.ए. संपवून पुढचा अभ्यास सुरू केला होता. टेबलावर अप्पांची आणि माझी पुस्तकं एकत्र पडली होती, कारण शेवटच्या महिन्यांत मी त्यांना वाचून दाखवत असे. एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. ते संपवावं की तसंच ठेवावं हेही मला ठरवता येत नव्हतं, आणि घरात माझ्या पत्रिकेच्या झेरॉक्स प्रती निघत होत्या. नाही कसं म्हणायचं? नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. मला फक्त इतकंच हवं होतं की हे एक वर्ष अप्पांचं असावं. त्यात दुसऱ्या कुणाचं काही सुरू होऊ नये. पण ते कारण म्हणून सांगायला गेलं की तोंडातच विरून जाई. आई काहीच बोलत नसे. ग्राइंडर चालू असे.

मासिक श्राद्धं निम्म्याहून पुढं गेली तेव्हा एक स्थळ आलं. आमच्यातलेच लोक, पेरुंगुडीला फ्लॅट, मुलगा अमेरिकेत, रजेवर आलेला. आमच्यात मुलगी घरीच बघतात. पाहुण्यांना सोज्जी आणि बज्जी करायची, म्हणजे गोड शिरा आणि भजी, आणि मुलीनं नमस्कार करायचा. पण आमच्या घरात श्राद्धं चालू होती. दुखवट्याच्या घरात मुलाकडचे पाऊल ठेवणार नव्हते, आणि दुखवट्यातल्या माणसांना त्यांनी आपल्या घरी बोलावणंही बरं दिसलं नसतं. मग लोक देवळात ठरवतात. तर आम्हाला वर्षभर देऊळ बंद. हॉटेलात अत्या पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावत नसे. दोन दिवस फोन चालले. शेवटी मुलाच्या वडिलांनी तोडगा काढला. ते एका चॉकलेटच्या कंपनीतून निवृत्त झाले होते, आणि कंपनीनं पेरुंगुडीच्या पुढं, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, चॉकलेटचं एक संग्रहालय उघडलं होतं. तिथं ना घर, ना देऊळ, ना हॉटेल. त्यांच्याकडे पास होते. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. संग्रहालयात शेवटी काय देतात, याचा विचार आमच्या दोन्ही घरांतल्या एवढ्या जाणत्या माणसांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

त्या दिवशी सकाळी अत्यानं माझ्या केसांत मोगरा माळला. आई दारात उभी राहून बघत होती. माझी वेणी तिनंच घालायची ही गेल्या कित्येक वर्षांची सवय होती, आणि आता हात आखडून ती उंबऱ्यावर उभी. मी म्हणाले, आईला घालू दे. अत्या म्हणाली, आज नको, शुभ कामाला निघालो आहोत. त्यावर आईनं मान हलवली, जणू तिला हे आधीच पटलेलं होतं.

संग्रहालय म्हणजे खिडक्या नसलेली एक लांबलचक तपकिरी इमारत. दाराशीच कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. मुलाकडची तिघं आमची वाट बघत उभी होती. चेन्नईत वडीलधाऱ्यांना मामा-मामीच म्हणायचं, तसं मी मुलाच्या आईवडिलांना म्हणाले. मामी भारी कांजीवरम नेसून आल्या होत्या, मामांच्या खिशाला अजून कंपनीचं पेन होतं. मुलगा, त्याचं नाव रघु, सगळ्यांच्या मागं उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता. नमस्कार झाले. आणि कुणी काही सुचवायच्या आत आई म्हणाली, “मी बाहेर बसते. मला गार सोसत नाही.”

तिला गार चांगलं सोसायचं. फ्रिजसमोर बसून ती भाजी निवडायची. पण अत्यानं लगेच “सरि”, म्हणजे बरं, म्हटलं, मामींनी पदर नीट केला, आणि आई पाण्याची बाटली असलेली पिशवी मांडीवर घेऊन बाकावर जाऊन बसली. मी वळून बघेपर्यंत गाइड मुलीनं आम्हाला आत घेतलं आणि मागचं दार फुस्स करून बंद झालं. त्या दाराला आतून मूठच नव्हती.

आतली रचना अशी की एक दालन संपल्याशिवाय दुसरं उघडत नसे, आणि दुसरं उघडलं की पहिल्यात परत जाता येत नसे. गारवा टिकावा म्हणून, असं मामांनी समजावलं. ते गाइडच्या पुढं चालत होते आणि तिची वाक्यं तिच्या आधी म्हणत होते. पहिल्या दालनात प्लास्टिकची झाडं होती, त्यांच्या खोडालाच लटकलेल्या पपईसारख्या शेंगा, आणि कुठूनतरी टेपवर पाखरं ओरडत होती. मामींनी मला विचारलं की स्वयंपाक येतो का. अत्यानं माझ्या वतीनं उत्तर दिलं. दुसऱ्या दालनात जुनी यंत्रं. एका पिंपात दगडाची दोन चाकं गरगर फिरत होती, खाली काळसर लगदा. मी जागीच थांबले. मामी हसून म्हणाल्या, “हे तर आमच्या घरचं ग्राइंडर. इडलीचं पीठ करपलं की काय?” सगळे हसले, अत्या सगळ्यांत जास्त. मला मात्र तो आवाज ऐकून भिंतीला टेकलेली आई दिसली, आणि मी गाइड मुलीला विचारलं, बाहेर जायचं असेल तर? तिनं तमिळमध्ये गोड आवाजात सांगितलं की मॅडम, वाट एकच, पुढंच जायचं, शेवटी दुकानातून बाहेर पडता येतं.

अंधाऱ्या खोलीत सिनेमा झाला. त्यात दूरच्या कुठल्या तरी देशातले राजे कडू चॉकलेट पीत होते. माझ्या एका बाजूला अत्या, दुसऱ्या बाजूला मामी. दोघींचं माझ्या डोक्यावरूनच बोलणं चाललं होतं. मुहूर्त कुठला, व्हिसाला किती वेळ, दागिने इथं घ्यायचे की मागाहून. अप्पांच्या मासिकांचे उरलेले महिने त्या अंधारात एकेक करून वाटले जात होते. गार वाऱ्यानं केसांतला मोगरा ताठ झाला होता. मला उठून उभं राहायचं होतं. पण सिनेमा संपेपर्यंत पुढचं दार उघडणार नव्हतं, आणि मागचं तर कधीच नाही.

मग आलं ते गोपूर. काचेच्या मोठ्या पेटीत संपूर्ण चॉकलेटचं, माणसाच्या उंचीचं, त्यावर देव, द्वारपाल, हत्ती, सगळे तपकिरी. आमच्या पुढच्या काही बायकांनी चपला काढून हात जोडले होते. अत्या दारातच थबकली. वर्षभर गोपुराखालून जायचं नाही, हे तिनंच आम्हाला घालून दिलं होतं. तिनं मामांना विचारलं, “याला देऊळ म्हणायचं का?” मामा क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “आत मूर्ती नाही, अक्का. आत थर्माकोल आहे. चालतं.” तरीही अत्या पेटीला पाठ करून, भिंतीच्या कडेकडेनं, पदरानं कपाळ झाकत पलीकडे गेली. आजही ते आठवलं की मला हसू येतं, आणि त्या बाईबद्दल थोडी मायाही वाटते. तिच्यासाठी नियम हेच भावाला धरून ठेवण्याचे हात होते; एक सुटला तर तो आणखी थोडा जाईल, अशी तिला भीती होती. तेव्हा मला हे कळत नव्हतं.

सगळे गोपुराभोवती गोळा झाले होते तेव्हा रघु माझ्याशेजारी आला. हळू आवाजात, अर्ध्या तमिळमध्ये, म्हणाला, “तुझी आई का नाही आली आत?”

मी म्हणाले, “तुला माहीत आहे.”

त्यानं मान डोलावली. म्हणाला, “माझी रजा शुक्रवारी संपते. त्याआधी त्यांना सगळं ठरवायचं आहे. मी दरवर्षी येतो आणि दरवर्षी असंच होतं.” मग काचेतल्या हत्तीकडे बघत म्हणाला, “यांना रात्रंदिवस एसीत ठेवतात. वीज गेली की जनरेटर.” तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही त्या वाटेनं पुढंच जायचं होतं.

शेवटचं दालन उजेडाचं होतं, आणि तिथं एक संगमरवरी काउंटर. गाइड मुलीनं हातमोजे घातले आणि चांदीच्या ताटात ते आणलं. एकेक चौकोन, कडा अगदी सरळ, जाहिरातीतल्यासारख्या. प्रत्येक पाहुण्याला एक, कंपनीकडून भेट. मी मागं सरकणार तेवढ्यात मामींनी ताटातला तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. त्यांच्या बांगड्या वाजल्या. त्या प्रेमानंच म्हणाल्या, “घे, तोंड गोड कर. आम्हाला मुलगी पसंत आहे.”

हे आमच्यात सोपं असतं. मुलाच्या आईच्या हातून गोड खाल्लं की शब्द दिला गेला; मग सुपारी, याद्या वगैरे नुसता सोपस्कार. न खाणं म्हणजे चारचौघांत तोंडावर दार आपटणं. मी अत्याकडे पाहिलं. मी गोड सोडलंय हे तिला माहीत होतं. तिनंच ते मला सोडायला लावलं होतं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, मग ती माझ्या कानाशी आली. “एका तुकड्यानं अप्पा रागावणार नाही. खा.” मामांनी कॅमेरा काढला. ओळीतली अनोळखी माणसंही थांबून कौतुकानं बघायला लागली. तुकडा माझ्या ओठांपासून बोटभर दूर होता आणि त्याचा वास अप्पांच्या खिशाचा होता.

रघु म्हणाला, “अम्मा, तिच्या हातात दे. लाजते आहे.”

मामी हसल्या आणि त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मी मूठ मिटली. त्यापलीकडे काही करण्याचं बळ माझ्यात नव्हतं. मूठ मिटूनच मी दुकानातून, खोक्यांच्या आणि रिबिनींच्या मधून, सगळ्यांच्या पुढं चालत राहिले, आणि बाहेरचं दार उघडलं तेव्हा उन्हाची झळ अंगावर आली.

आई त्याच बाकावर, तशीच, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सावली सरकून गेली होती, पण ती जागची हलली नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुठीकडे. बोटांच्या फटीतून तपकिरी ओघळ मनगटापर्यंत आला होता. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली. आत नुसता चिखल होता.

मागून मामी आल्या. “अग, खाल्लं नाहीस अजून?” आणि आईकडे न बघता अत्याला म्हणाल्या, “गोडाचा असा नाश करू नये, चांगला शकुन नाही.” अत्या काहीतरी सारवासारव करू लागली.

आई उठली. तिनं माझा हात सोडला नाही. मघाचं ते गार सोसत नसल्याचं वाक्य सोडलं तर अप्पा गेल्यापासून परक्या माणसांसमोर मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो आधी नीट निघालाच नाही, तिला खाकरावं लागलं.

“मामी,” ती म्हणाली, “माझी मुलगी हे वर्षभर गोड खात नाही. हे वर्ष तिच्या अप्पांचं आहे. ते पुरं होऊ दे.”

मामांनी कॅमेरा पिशवीत घातला. अत्या पुढं आली, आणि तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “वहिनी, काय बोलतेस? वर्ष झालं की मग तीन वर्षं.”

“मग तीन वर्षं,” आई म्हणाली.

तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि माझ्या तळहातावर पाणी ओतलं. अंगठ्यानं चोळत, रेषारेषांतून ते काढत राहिली, शर्टाचा खिसा धुवायची तसं. तपकिरी पाणी कडुनिंबाच्या मुळाशी जिरलं. मुलाकडची माणसं निरोप घेऊन गाडीकडे गेली. रघुनं जाताना आईला वाकून नमस्कार केला, आणि त्याच्या आईनं त्याला हाक मारून बोलावून घेतलं. अत्याला त्यांनी गाडीतून सोडतो म्हटलं. ती गेली. महिनाभर ती आईशी बोलली नाही, आणि मग एका मासिकाला पचडीत मीठ कमी आहे म्हणाली आणि बोलायला लागली. मी अप्पांचं अर्धं राहिलेलं पुस्तक त्यांच्या फोटोसमोर बसून मोठ्यानं वाचून संपवलं, आणि त्या तीन वर्षांत माझा अभ्यासही पुरा केला. आज जी काही मी आहे ती त्या तीन वर्षांची आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेलो. टी. नगरची बस आली, तिच्यात बायकांच्या बाजूला शेवटच्या दोन जागा होत्या. आईनं मला खिडकीशी बसवलं. बांधकामांचे सांगाडे, धूळ, मध्येच दलदलीतले पांढरे बगळे मागं जात होते. मग आईनं समोर बघतच विचारलं, “आत काय काय होतं?”

मी सांगायला लागले. प्लास्टिकची झाडं सांगितली, टेपवरची पाखरं सांगितली. ग्राइंडरसारखं यंत्र सांगितलं आणि मामींचा विनोद सांगितला, तेव्हा ती थोडी हसली. गोपूर सांगितलं, कडेकडेनं गेलेली अत्या सांगितली, तेव्हा तिचे खांदे हलले. मग ते ताट, तो सरळ कडांचा चौकोन. तो कसा होता, हे सांगताना मी म्हणाले, आई, अप्पांनी आणलेलं एकदाही असं नव्हतं. आणि जे रडू इतके महिने आलं नव्हतं ते भर बसमध्ये, दुपारच्या उजेडात, कंडक्टर समोर उभा असताना आलं. आईनं मला गप्प बस म्हटलं नाही. तिनं कंडक्टरला दोन तिकिटं मागितली, ती ब्लाउजमध्ये खोचली, आणि माझा चिकट हात आपल्या मांडीवर घेऊन म्हणाली, “हं, मग? पुढं सांग.”